विश्लेषण : प्रोग्राम तोच, आकडे तेच; मग उत्तर का बदलते? ‘आर’ भाषेतील पॅकेजांची देखभाल कोणाच्या भरवशावर?

रांगोळी कलाकारांचे गाव म्हणून ओळखले जाणारे जूचंद्र २०११च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्यात होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा राज्याचा ३६ वा जिल्हा झाला, वसई तालुका त्यात गेला आणि जूचंद्र जागचे न हलता त्याचा जिल्हा बदलला. देशाच्या पुढच्या जनगणनेची अधिसूचना १६ जून २०२५ रोजी निघाली असून देशाच्या बहुतांश भागासाठी १ मार्च २०२७ हा तिचा संदर्भदिन आहे. नवे आकडे हाती आले की त्यांची २०११शी तुलना सुरू होईल. ही तुलना करणारे अनेक विद्यार्थी, संशोधक आणि पत्रकार ‘आर’ या मोफत संख्याशास्त्रीय संगणकभाषेचा आधार घेतील. मात्र मधल्या पंधरा वर्षांत जसे जिल्हे बदलले, तशी ही भाषाही बदलली आहे. जुना प्रोग्राम बंद पडला तर निदान ते लक्षात येते. तो विनातक्रार चालला आणि त्याने चुकीचे उत्तर दिले, तर?

‘आर’ ही भाषा काय आहे?

अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये १९७६च्या सुमारास जॉन चेंबर्स आणि सहकाऱ्यांनी संख्याशास्त्रासाठी ‘एस’ नावाची भाषा तयार केली. तिच्या धर्तीवर न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी १९९०च्या दशकात ‘आर’ रचली. १९९५ मध्ये ती मुक्त परवान्याखाली खुली झाली. १९९७ मध्ये तिची देखभाल करणारा ‘आर कोअर’ गट आणि पॅकेजांचे केंद्रीय भांडार ‘क्रॅन’ अस्तित्वात आले, तर २९ फेब्रुवारी २००० रोजी १.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली.

पॅकेज म्हणजे मूळ भाषेला जोडता येणारी तयार अवजारांची पेटी. नकाशे काढणे, साथरोगाचा वेग मोजणे, पिकांच्या प्रयोगांचे विश्लेषण करणे अशा प्रत्येक कामासाठी कोणी ना कोणी पॅकेज लिहून ठेवलेले असते. क्रॅनवर आज अशी २० हजारांहून अधिक पॅकेजेस आहेत. ती घ्यायला पैसे पडत नाहीत, आणि ती लिहिणाऱ्या बहुतेकांनाही त्याबद्दल वेगळा मोबदला मिळत नाही.

पदावलीची किंमत काढणे म्हणजे काय?

शाळेच्या गणितात ‘पदावलीची किंमत काढा’ असा प्रश्न असतो. संगणकभाषाही तेच करते. ‘दोन अधिक तीन’ ही पदावली आणि ‘पाच’ ही तिची किंमत. प्रश्न असतो तो ही किंमत केव्हा काढायची आणि पदावलीतील नावांचा अर्थ कुठे शोधायचा, हा.

बहुतेक भाषांमध्ये एखाद्या फंक्शनकडे काम सोपवताना आधी किंमत काढली जाते आणि तयार आकडा पुढे पाठवला जातो. आरमध्ये तसे होत नाही. इथे पदावली न सोडवता तशीच पुढे जाते. तिच्यासोबत ती कुठल्या संदर्भात लिहिली होती, याची नोंद असते. या जोडीला ‘प्रॉमिस’, म्हणजे वचन, असे नाव आहे. किंमत लागेल तेव्हा काढू, असे ते वचन. लागलीच नाही, तर ती काढलीही जात नाही. याला आळशी मूल्यमापन म्हणतात.

आर याच्याही पुढे जाते. फंक्शनला हवे असल्यास ते किंमत न घेता पदावलीच हातात घेऊन वाचू शकते आणि स्वतःच्या पद्धतीने सोडवू शकते. ‘सबसेट’ हे फंक्शन याचे सोपे उदाहरण आहे. जनगणनेचा तक्ता आणि ‘जिल्हा बरोबर ठाणे’ ही अट त्याला दिली की तेवढ्या ओळी वेगळ्या होतात. ‘या तक्त्यातील जिल्हा नावाचा रकाना’ असे लांबण लावावे लागत नाही. अटीतील ‘जिल्हा’ हे नाव आर आधी तक्त्यात शोधते. तिथे नसेल तर तक्त्याबाहेर, म्हणजे प्रोग्राममध्ये इतरत्र शोधते. संगणकशास्त्र न शिकलेल्या माणसालाही आर जवळची वाटते, त्यामागे ही सवलत मोठे कारण आहे.

या सवलतीत धोका कुठे आहे?

समजा, २०११च्या तक्त्यात रकान्याचे नाव ‘जिल्हा’ होते. नव्या तक्त्यात तेच नाव ‘जिल्हा_नाव’ असे आले. जुन्या प्रोग्राममध्ये वर कुठेतरी ‘जिल्हा’ या नावाने ‘ठाणे’ हा शब्द साठवून ठेवला आहे. आता अट सोडवताना आरला तक्त्यात ‘जिल्हा’ सापडत नाही, म्हणून ते बाहेर पाहते आणि तिथला ‘ठाणे’ उचलते. मग ‘ठाणे बरोबर ठाणे’ ही पदावली तयार होते. तिची किंमत अर्थातच ‘खरे’ येते. ते एकच ‘खरे’ सगळ्या ओळींना लागू होते आणि ठाणे जिल्ह्याऐवजी अख्ख्या महाराष्ट्राच्या ओळी निवडल्या जातात. त्रुटीचा संदेश येत नाही आणि इशाराही मिळत नाही.

हा भाषेतील दोष नव्हे. नियमाप्रमाणेच हे घडते. सबसेटच्या अधिकृत माहितीपानावरच, हे फंक्शन समोर बसून हाताळण्यासाठी आहे, मोठ्या प्रोग्राममध्ये ते टाळावे, असा सल्ला दिलेला आहे. अलीकडच्या लोकप्रिय ‘डीप्लायर’ पॅकेजमध्ये ‘हे नाव तक्त्यातच शोध’ असे स्पष्ट सांगण्याची सोय आहे. मात्र माहितीपान वाचून सुरुवात करणारे थोडे असतात. मित्राचा प्रोग्राम घेऊन त्यात बदल करणारेच जास्त.

रकान्याचे नाव नीट जुळले, तरी त्या नावाचा अर्थ बदललेला असू शकतो. २०११मध्ये ठाणे हा देशातील सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता; तेव्हाची संख्या होती १,१०,६०,१४८. त्यापैकी सुमारे ३० लाख लोक आजच्या पालघर जिल्ह्याच्या भागात राहत होते. विभाजनाचा हिशेब न धरता ‘ठाणे’ची तुलना ‘ठाणे’शी केली, तर वाढीचा दर कितीतरी कमी दिसेल. पालघरची तुलना करायला गेल्यास जुन्या तक्त्यात तो जिल्हाच मिळणार नाही. या चुकीबद्दलही संगणक तक्रार करणार नाही.

जुनाच प्रोग्राम नवे उत्तर का देतो?

कारण भाषेचे नियम आवृत्तीगणिक थोडे थोडे बदलतात. दोन बदल विशेष महत्त्वाचे आहेत.

पहिला एप्रिल २०१९ मधला, ३.६.० या आवृत्तीतला. यादीतून यादृच्छिक नमुना निवडण्याच्या जुन्या पद्धतीत, यादी फार मोठी असेल तर, काही नोंदींकडे किंचित झुकते माप पडत असे. ती पद्धत सुधारण्यात आली. सुधारणा योग्यच होती, पण तिचा एक परिणाम झाला. संशोधक नमुना पुन्हा तंतोतंत तसाच काढता यावा म्हणून सुरुवातीचा ‘बीज’ अंक लिहून ठेवतात. नव्या आवृत्तीत तोच अंक दिला तरी वेगळा नमुना निघू लागला. एखाद्या वॉर्डातील शंभर घरे पडताळणीसाठी २०१८ मध्ये निवडली असतील आणि आज कोणी तोच प्रोग्राम चालवून ती निवड तपासली, तर भलतीच घरे समोर येतील. निवड प्रामाणिक असूनही संशय येईल. जुनी पद्धत मागवून घेण्याची सोय आरमध्ये ठेवलेली आहे, पण त्यासाठी मुळात काम कोणत्या आवृत्तीत झाले, हे ठाऊक असावे लागते.

दुसरा बदल एप्रिल २०२० मधला, ४.०.० या आवृत्तीतला. तोवर आर तक्ता वाचताना मजकुराचे रकाने आपोआप ‘फॅक्टर’ म्हणजे गटवारीच्या स्वरूपात बदलत असे. वसई-विरार शहराची २०११ची लोकसंख्या १२,२२,३९० अशी स्वल्पविराम देऊन लिहिली असेल, तर आर तो आकडा न मानता मजकूर मानते. जुन्या आवृत्तीत त्याचा गट होई. पुढे ‘याचा आकडा कर’ असे सांगितले की बारा लाखांऐवजी गटाचा अनुक्रमांक, म्हणजे तीन किंवा सात असे काहीतरी हाती येई, आणि तेही मुकाट्याने. नव्या आवृत्तीत तिथे ‘किंमत उपलब्ध नाही’ असे येते आणि सोबत इशाराही मिळतो. हा बदल वापरणाऱ्याच्या भल्याचा आहे. तरीही जुन्या सवयीवर उभे असलेले असंख्य प्रोग्राम त्यामुळे तपासून दुरुस्त करावे लागले.

हे काम कोण करते?

क्रॅनच्या नियमानुसार प्रत्येक पॅकेजला एक जबाबदार व्यक्ती, म्हणजे ‘मेंटेनर’, असावी लागते. तिचे नाव आणि चालू ईमेल पत्ता नोंदवणे बंधनकारक असते. क्रॅनवरील पॅकेजेस वेगवेगळ्या संगणक प्रणालींवर सतत तपासली जातात. भाषेत किंवा दुसऱ्या एखाद्या पॅकेजमध्ये बदल झाल्यामुळे काही मोडले, तर मेंटेनरला ईमेल जातो आणि दुरुस्तीसाठी मुदत मिळते. मुदतीत दुरुस्ती झाली नाही किंवा ईमेलच परत आला, तर पॅकेज संग्रहात हलवले जाते. त्याची जुनी प्रत तिथे राहते, पण नेहमीच्या आज्ञेने ते संगणकावर घेता येत नाही.

शिवाय पॅकेजेस एकमेकांवर अवलंबून असतात. एक निघाले की त्याच्यावर उभी असलेली पॅकेजेसही अडचणीत येतात. त्यामुळे कोणाची नोकरी बदलली, कोणी आजारी पडले किंवा कोणाला कंटाळा आला, एवढ्यानेही दूरच्या देशातील एखाद्या विद्यार्थ्याचा प्रबंध अडू शकतो. क्रॅनची ही शिस्त कडक आहे, अशी तक्रार मेंटेनर अनेकदा करतात. पण वीस हजारांहून अधिक पॅकेजेस एकमेकांसोबत चालती राहतात, ती याच कडकपणामुळे.

नकाशाची पॅकेजेस का निवृत्त झाली?

ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘आरजीडॅल’, ‘आरजिओस’ आणि ‘मॅपटूल्स’ ही तीन पॅकेजेस क्रॅनवरून संग्रहात गेली. आरमध्ये जिल्ह्यांच्या सीमा वाचणे, त्या जोडणे आणि नकाशा काढणे हे काम सुमारे दोन दशके प्रामुख्याने त्यांच्या आधाराने होत होते. त्यांची देखभाल नॉर्वेतील बर्गन येथील प्राध्यापक रॉजर बिवंड करत. या पॅकेजांच्या तळाशी असलेली नकाशांची सॉफ्टवेअर्स मोठ्या प्रमाणावर बदलली होती, आणि बिवंड स्वतः निवृत्तीच्या वयाला पोहोचले होते. त्यांनी सुमारे दोन वर्षे आधी सूचना दिली, पर्याय सांगितले आणि इतर पॅकेजांच्या लेखकांना बदल करायला वेळ दिला. जर्मनीतील म्युन्स्टर येथील एडझर पेबेस्मा यांचे ‘एसएफ’ हे पॅकेज तोवर तयार होते. निवृत्ती कशी घ्यावी, याचा हा चांगला नमुना मानला जातो.

एवढी काळजी घेऊनही जुने प्रोग्राम आपोआप नवे होत नाहीत. एखाद्या महाविद्यालयात २०१६ मध्ये पालघरचा नवा नकाशा काढण्यासाठी लिहिलेला प्रोग्राम नव्या संगणकावर आज बहुधा पहिल्या काही ओळींतच थांबेल. हा त्यातल्या त्यात बरा प्रकार म्हणायचा, कारण काहीतरी चुकले आहे हे निदान दिसते.

जुन्या पॅकेजांची रोजच्या रोज साठवलेली नोंद देणारी एक सोय मायक्रोसॉफ्टने उपलब्ध करून दिली होती. २०१९च्या अमुक तारखेला पॅकेजेस कशी होती, हे तिथून मिळवता येई. ‘एमरॅन’ नावाची ती सेवा १ जुलै २०२३ रोजी बंद झाली. म्हणजे देखभाल एखाद्या मोठ्या कंपनीकडे असली, तरी ती कायमची असते असे नाही.

फाइल उघडणेही धोक्याचे ठरू शकते का?

एप्रिल २०२४ मध्ये या प्रश्नाला ठोस रूप आले. ‘हिडनलेअर’ या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी आरमधील एक त्रुटी उघड केली; तिचा क्रमांक सीव्हीई-२०२४-२७३२२. तिचे मूळ वर सांगितलेल्या ‘वचना’त होते.

आरमध्ये तक्ता किंवा अन्य माहिती ‘आरडीएस’ प्रकारच्या फाइलमध्ये जशीच्या तशी साठवता येते. त्या फाइलमध्ये आकड्यांऐवजी न सोडवलेले वचनही दडवता येत होते. फाइल वाचली आणि त्यातील वस्तूला हात लागला की वचन पुरे करण्यासाठी आर आतली पदावली सोडवायला घेई. ती पदावली ‘या संगणकावर अमुक आज्ञा चालव’ अशीही असू शकत होती. वापरणाऱ्याला वाटे आपण आकडे उघडले. प्रत्यक्षात अनोळखी माणसाचा प्रोग्राम चाललेला असे. पॅकेजच्या आतील माहितीही अशाच स्वरूपात साठवली जात असल्याने एखाद्या बनावट पॅकेजमधूनही हा हल्ला शक्य होता. २४ एप्रिल २०२४ रोजी आलेल्या ४.४.० आवृत्तीत ही वाट बंद झाली. त्यानंतर २९ एप्रिलला अमेरिकेच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातील समन्वय केंद्राने जाहीर इशारा दिला.

त्याच्या महिनाभर आधी, २९ मार्च २०२४ रोजी, ‘एक्सझेड’ या फाइल लहान करणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये मुद्दाम पेरलेला चोरदरवाजा सापडला होता. त्या प्रकल्पाचा भार एकाच थकलेल्या स्वयंसेवकावर होता. मदतीला आलेल्या एका टोपणनावाच्या व्यक्तीने वर्षानुवर्षे विश्वास संपादन करून ते काम केले होते. आरमधील त्रुटी कोणी हेतुपुरस्सर ठेवलेली नव्हती. पण दोन्ही प्रकरणांतून एकच गोष्ट पुढे येते. मोफत मिळणाऱ्या अवजाराची देखभाल कोणाला तरी करावी लागते, आणि त्या माणसाचा वेळ मोफत निर्माण होत नाही.

महाराष्ट्राचा याच्याशी संबंध काय?

राज्यात आरचे शिक्षण नवे नाही. पुण्यातील संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधा पुरोहित, शरद गोरे आणि शैलजा देशमुख यांचे ‘स्टॅटिस्टिक्स यूजिंग आर’ हे इंग्रजी पाठ्यपुस्तक २००८ मध्येच प्रसिद्ध झाले होते. तेव्हा आरची दुसरी मालिका चालू होती. आज चौथी आहे. मुंबईच्या आयआयटीतील ‘फॉसी’ हा केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाच्या निधीवर चालणारा प्रकल्प मुक्त सॉफ्टवेअरचा प्रसार करतो. पाठ्यपुस्तकांतील सोडवलेली उदाहरणे विद्यार्थ्यांकडून आरमध्ये लिहून घेण्याचा उपक्रम त्यात चालतो. महागड्या परदेशी सॉफ्टवेअरचे परवाने न परवडणाऱ्या महाविद्यालयांना आरमुळे मोठा आधार मिळाला आहे.

आपल्याकडे अवजार वापरणारे वाढले, त्या प्रमाणात ते सांभाळणारे मात्र वाढले नाहीत. आरसोबतच मिळणारे ‘लॅटिस’ हे आलेखांचे पॅकेज लिहिणारे दीपायन सरकार दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आहेत आणि ते आर कोअर गटाचे सदस्य आहेत. अशी नावे मोजकीच आहेत. विद्यापीठीय व्यवस्थेत शोधनिबंध मोजला जातो. दहा वर्षे एक पॅकेज चालू ठेवणे, त्यातील चुका दुरुस्त करणे, लोकांच्या शंकांना उत्तरे देणे हे काम सहसा मोजले जात नाही. पाश्चात्त्य देशांतही हीच अडचण आहे. तिथे निदान व्हिएन्नास्थित आर फाउंडेशन आणि कंपन्यांच्या वर्गणीवर २०१५ मध्ये उभे राहिलेले आर कन्सॉर्शियम यांच्यामार्फत थोडा निधी तरी या कामाकडे वळतो.

मग करायचे काय?

वापरणाऱ्यांसाठी काही साधे उपाय आहेत. प्रत्येक निकालासोबत आरची आणि पॅकेजांची आवृत्ती नोंदवावी. ‘सेशनइन्फो’ ही एक आज्ञा ती सगळी यादी देते. ‘आरएन्व्ह’सारख्या पॅकेजने एखाद्या प्रकल्पापुरत्या आवृत्त्या बांधून ठेवता येतात. मोठ्या प्रोग्राममध्ये रकान्याचे नाव मोघम न लिहिता ते कोणत्या तक्त्यातील आहे, हे स्पष्ट करावे. ओळी निवडल्यावर त्या किती आल्या, हे पाहावे. एका जिल्ह्याऐवजी पूर्ण राज्य निवडले गेले असेल, तर तिथेच कळते. अनोळखी ठिकाणाहून आलेली आरडीएस फाइल उघडू नये. शक्य असेल तिथे साध्या मजकुराच्या तक्त्याची मागणी करावी.

जनगणनेच्या तुलनेसाठी आणखी एक पायरी लागते. २०११च्या तक्त्यातील वसई, डहाणू, जव्हार, मोखाडा, वाडा, विक्रमगड, तलासरी आणि पालघर हे तालुके वेगळे काढून आधी आजचा पालघर जिल्हा जुन्या आकड्यांतून बांधावा लागेल. मगच त्याची नव्या आकड्यांशी तुलना खरी ठरेल. हे काम भाषा करून देत नाही. कोणत्या तालुक्याचे काय झाले, हे माहीत असलेला माणूसच ते करू शकतो.

संस्थांच्या पातळीवरचा उपाय अधिक अवघड आहे. पॅकेज सांभाळण्याला शैक्षणिक श्रेय देणे, विद्यार्थ्यांना नवे पॅकेज लिहायला लावण्याबरोबरच जुन्याची दुरुस्ती करायला लावणे, सार्वजनिक निधीतून झालेल्या संशोधनाचा प्रोग्रामही तपासणीसाठी खुला ठेवणे, हे विद्यापीठांना आजही करता येण्यासारखे आहे.

जनगणनेच्या आकड्यांवरून पाण्याचा कोटा, शाळांची संख्या आणि प्रभागांच्या सीमा ठरतात. जूचंद्रसारख्या झपाट्याने शहरात मिसळणाऱ्या गावात किती माणसे राहतात, याचे उत्तर प्रगणक दारोदार फिरून आणतील. त्या उत्तरावरून काढलेली टक्केवारी बातमीत किंवा अहवालात दिसली, की ती कोणत्या सीमा धरून आणि कोणत्या प्रोग्रामने काढली, हे विचारण्याचा हक्क मात्र तिथे राहणाऱ्या प्रत्येकाला आहे.